'आता' म्हणायला कुणी नको

९ नोव्हेंबर

भांडायला समोर कुणी नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमची ही गेल्या आठवड्यात घर सोडून गेली. गेली कुठे, तर माझ्या थोरल्या बहिणीकडे. लोकांच्या बायका रुसल्या की माहेरी जातात, ही नणंदेकडे गेली. म्हणजे माझ्या बाजूने बोलेल असं जे एक माणूस होतं, तेही तिने आधीच ताब्यात घेतलं. ताईने फोन करून 'पोचली ती' एवढं शांतपणे सांगितलं आणि पुढचं अशा आवाजात बोलली, की मी फोन कानापासून लांब धरला.

भांडण पुस्तकावरून झालं. आयुष्यभर मी एकाच गोष्टीचे फोटो काढले. टेकड्यांचा मोकळा मुलूख आणि त्याच्यावरचं कलतं ऊन. सूर्य उगवल्यावर थोडा वेळ आणि मावळायच्या आधी थोडा वेळ, एवढाच माझा दिवस. ऊन डोक्यावर आलं की टेकडी ताटासारखी सपाट दिसते. ऊन आडवं आलं की तिची प्रत्येक घडी, प्रत्येक चर, गवताची काडीसुद्धा वेगळी उठून दिसते. या सगळ्याचं आता मोठं पुस्तक निघतंय. संपादिकेने मुखपृष्ठाचा नमुना पाठवला. वर माझं नाव होतं. हिने चष्मा लावून तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, "माझं कुठंय?" मला वाटलं चष्म्याची डबी शोधतेय.

"तुझं काय?"

"नाव."

"पण तू काय केलंस?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता, असं ताईचं म्हणणं. मी म्हणतो, प्रश्न साधा होता आणि उत्तरही साधं आहे. हिने छत्री धरली. कलत्या उन्हात सूर्य बाजूने थेट लेन्सच्या काचेत घुसतो आणि फोटोवर पांढुरका पडदा येतो. म्हणून कुणीतरी त्या बाजूला उभं राहून काचेवर सावली धरावी लागते. एवढं काम ही करायची. शिवाय मधूनच 'आता' म्हणायची. म्हणजे आता बटण दाबा. 'आत्ता' असं ठासून नाही. 'आता', हलकेच, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं. जसं काही मला स्वतःला कळत नव्हतं.

"मग त्या 'आता'चं नाव टाका," ती म्हणाली. मी हसलो. हसायलाही नको होतं, असं ताईचं म्हणणं आहेच.

मग मीच बोलून बसलो. पुस्तकाचा शेवटचा भाग राहिलाय, हिवाळ्यातल्या उन्हाचा. तो मी एकट्याने करून दाखवतो, वर्ष संपायच्या आत. जमला तर मुखपृष्ठावर एकट्याचं नाव. नाही जमला तर दोघांचं, सारख्याच टायपात. मी हे संपादिकेलाही कळवून टाकलं. ही फक्त 'बघा' म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

परवा निघतो.

११ नोव्हेंबर

नेहमीच्याच शेतघरात उतरलोय. दूध ठेवायच्या खोलीच्या वरची खोली, लाकडी जिना, खिडकीतून पूर्वेकडच्या टेकड्या. घरमालक एकटा राहतो. त्याच्या गाई आहेत, एक जुनी जीप आहे आणि तोंडात मोजके शब्द आहेत, पण त्यातला एकही चांगला नाही.

मी बॅगा उतरवत होतो. तो माझ्या गाडीत वाकून बघायला लागला, जसं काही मी कुणाला सीटखाली लपवून आणलंय.

"बाई कुठायत?"

"आल्या नाहीत."

"आजारी?"

"नाही."

"मग भांडलात." त्याने विचारलं नाही, सांगितलं. वर म्हणतो, "त्या असल्या की तुम्ही बरे वाटता."

खोलीत दोन खाटा आहेत. एक मी उचलून बाहेर ठेवली. त्याने ती परत आत आणून ठेवली. बाहेर दवाने भिजते म्हणे.

१२ नोव्हेंबर, सकाळ

अंधारात टेकडीच्या धारेवर चढलो. समोर एकामागे एक टेकड्या, पाठी गोल, मधल्या खोलगट भागात धुकं साचलेलं. ऊन यायची वाट बघताना खरंच बरं वाटत होतं. कुणी बोलणारं नाही, कुणी थर्मासचं झाकण वाजवणारं नाही.

छत्री मी चिमट्याने ट्रायपॉडला लावली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस कशाला लागतो? सूर्य वर आला, पहिल्या टेकडीची एक बाजू उजळली, आणि वाऱ्याने छत्रीसकट ट्रायपॉड आडवा केला. कॅमेरा मी झेललाय. गुडघा फुटलाय. तोपर्यंत ऊन अर्ध्या उतारावर आलं होतं. एका हाताने छत्री धरून दुसऱ्याने बटण दाबलं. छत्रीची काडी फ्रेममध्ये आली. छत्री टाकून दिली आणि तळव्याने सावली धरली, तर बोटं फ्रेममध्ये आली.

वारा नालायक आहे. उद्या बघतो.

१५ नोव्हेंबर

तीन सकाळी आणि दोन संध्याकाळी झाल्या. छत्रीचा प्रश्न सुटला. जाड पुठ्ठ्याची पट्टी लेन्सवर तारेने बसवली, चोख काम झालं. आता अडचण गाईंची आहे.

काल संध्याकाळी पश्चिमेचा उतार असा तांबूस झाला होता, की मी श्वास रोखून होतो. एवढ्यात घरमालकाच्या गाई उजवीकडून एकेक करून शिरल्या. मी खाली उतरून त्याला गाठलं आणि सांगितलं, संध्याकाळी त्यांना दुसरीकडे सोडत जा.

"गवत दिसतं तिथं त्या जातात. तुम्हाला ऊन दिसतं तिथं तुम्ही जाता. कोण कुणाला अडवणार?"

"मी इथे भाडं देऊन राहतोय."

"खोलीचं देता. डोंगराचं कुठं देता?"

जेवताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही आणि मला मात्र घास गिळेना, हे जास्त चीड आणणारं होतं.

गाई नसलेले फोटोही बघितले. ठीक आहेत.

१९ नोव्हेंबर

पहिले काही फोटो संपादिकेला पाठवले होते. आज तिचा फोन आला. ती माझ्या निम्म्या वयाची आहे आणि फार गोड बोलते. गोड बोलणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

"फोकस, रंग, सगळं अगदी अचूक आहे," ती म्हणाली.

अचूक! माझ्या फोटोंना आजवर कुणी अचूक म्हटलं नव्हतं. अचूक घड्याळ असतं.

"स्पष्ट बोल," मी म्हटलं.

"तुमच्या जुन्या फोटोंत बघणारा थांबतो ना सर, तसा यात थांबत नाही. कुणीतरी घाईत आहे असं वाटतं. रागवू नका."

मी रागावलो नाही. तिने फोन ठेवल्यावर मी एकट्यानेच तिला सगळं ऐकवलं. खालून घरमालकाने विचारलं, "कोण आलंय वर?"

२२ नोव्हेंबर

ताईचा फोन.

"जेवतोस का नीट?"

"जेवतो."

"काम कसं चाललंय?"

"उत्तम."

"म्हणजे नाही चाललेलं. उत्तम असतं तेव्हा तू तासभर बोलतोस."

मी विषय बदलला. ही तिकडे काय करते म्हणून विचारलं, अगदी सहज. ताई म्हणाली, सकाळी उठून बाहेर पडते, घरामागच्या चढावर जाते, ऊन तापल्यावर परत येते. खूश असते. गाल वर आलेत.

"एकटी जाते?"

"तू इथे नाहीस, म्हणजे एकटीच ना?"

"तिला फोन दे."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग ताई म्हणाली, "ती भांडी घासतेय." नळाचा आवाज येत नव्हता. दोघींनी मिळून मला मूर्खात काढलंय.

मला तिच्याशी बोलायचंही नव्हतं. फक्त विचारायचं होतं, की तिकडे सकाळी धुकं असतं का.

२६ नोव्हेंबर

आज एक प्रयोग केला. 'आता' या शब्दात काही जादू नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, पण सवय लागते. सवयीचं औषध म्हणून मी घरमालकाला धारेवर नेलं. पुठ्ठ्याची पट्टी काढली, छत्री त्याच्या हातात दिली, सूर्याच्या बाजूला माझ्याकडे तोंड करून उभं केलं आणि सांगितलं, "मधेच एकदा 'आता' म्हणायचं."

"कधी?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा."

"आत्ता," तो म्हणाला.

"अजून ऊनच नाही आलंय."

"मला आत्ताच वाटलं. थंडी आहे."

ऊन आलं. त्याने काही म्हटलं नाही. टेकडीची बाजू पेटल्यासारखी झाली, सावल्या लांबलांब पसरल्या, तो गप्पच. मी म्हटलं, "बोला की." तर म्हणाला, "आत्ता. आत्ता. आत्ता. झालं?" मी प्रत्येक वेळी बटण दाबलं. का दाबलं, देव जाणे.

मग आमचं वाजलं. मी त्याला ठोंब्या म्हटलं. त्याने छत्री मिटून माझ्या हातात ठेवली आणि सुनावलं, "टेकडी माझ्या पाठीमागं, ऊन माझ्या पाठीमागं, आणि समोर तुमचं तोंड. मला गाई पुरतात." निघून गेला. संध्याकाळच्या भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम केलं असणार.

फोटो पाहिले. अचूक आहेत.

३० नोव्हेंबर

दिवसभर ढग. खोलीत बसून जुने फोटो लॅपटॉपवर काढून बघितले. ते चांगले आहेत. चांगले म्हणजे काय हे मला शब्दांत सांगता येत नाही, पण त्यात काही ओढाताण नाही. टेकडी तिथे आहे, ऊन तिच्यावर येऊन बसलंय, बस. नवे फोटो बघितले की वाटतं, मी टेकडीची मानगूट पकडून तिला 'इकडे बघ' म्हणतोय.

लेन्स बिघडली असणार. मागच्या महिन्यात साफ करायला दिली होती. त्या दुरुस्तीवाल्याला फोन केला आणि तासलं. तो म्हणाला, "साहेब, काचेला काही झालेलं नाही, लिहून देतो." त्याचाही आवाज गोड होता.

४ डिसेंबर

अपमान. दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी धारेवर उभा होतो. कोणी एक जोडपं फिरत फिरत तिथे आलं. नुकतं लग्न झालेलं असावं, दोघं मिळून एकाच खिशात हात घालून चालत होती. माझ्या शेजारी येऊन थांबली. मी मुद्दाम वळून बघितलं नाही, कळायला हवं होतं. तेवढ्यात खालच्या उतारावर उन्हाची एक पट्टी पडली, अरुंद, एका झाडापाशी संपणारी. मी ट्रायपॉडचा स्क्रू आवळत होतो, कारण तो सकाळपासून सैल होता, कारण घरमालकाने जीप खड्ड्यांतूनच नेली होती. मी त्याला मनातल्या मनात झाडत होतो. मुलीने फोन वर केला आणि खटकन फोटो काढला.

"काका, बघा ना, कसा आलाय?"

बघितला. चांगला आला होता. त्या एवढ्याशा काचेवर ऊन अगदी निवांत बसलं होतं.

मी म्हटलं, "क्षितिज वाकडं आहे." तिचं तोंड उतरलं. नवऱ्याने माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून दिसतंय. वाकडं नव्हतं क्षितिज.

८ डिसेंबर

गवतावर हिम. वर्षातून दोनचार सकाळी अशा मिळतात. पांढऱ्या उतारावर पिवळं ऊन सरकत आलं आणि मधल्या खोलगटात धुकं निळं पडलं. याहून जास्त कुणी काही मागूच शकत नाही. मी बटण दाबत सुटलो. थंडीने बोटं आखडली तरी दाबत राहिलो.

एकही नाही. एकही नाही. एकही नाही.

घाबरलोय मी. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. हा भाग जमला नाही तर तिचं नाव माझ्या शेजारी येईल, याची मला आता तेवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती वेगळीच. मला हे काम कधी येतच नव्हतं की काय? जे काही होतं ते सगळं छत्रीखाली उभं होतं, तिच्या डोळ्यांत होतं, आणि मी फक्त बटण होतो?

जाऊन विचारणार आहे. जाड जाकीट तिच्या सामानात गेलंय, ते आणायला जातो म्हणून सांगेन.

११ डिसेंबर

ताईच्या घरी जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

दार ताईने उघडलं. "जाकीट तुझ्याच कपाटात असेल," असं म्हणून तिने मला आत घेतलं, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर माझा जुना कॅमेरा, तो मी कधीच अडगळीत टाकला होता. ही मऊ कापडाने त्याची काच पुसत होती. मला बघून उठली नाही. ताई काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेली आणि दाराआडच थांबली. चपलांचा आवाज पुढे गेला नाही, यावरून कळलं.

"हा कुठून आणलास?"

"टाकलेला होता. चालतो अजून."

मी सरळ विषयाला हात घातला. "मला एक सांग. 'आता' म्हणायचीस ते कशावरून? काय दिसायचं तुला त्या टेकडीवर?"

तिने मान वर केली. मग म्हणाली, "अहो, टेकडी मला दिसायची कुठं? माझी पाठ होती तिकडे."

"मग?"

"तुमच्याकडे बघून म्हणायचे."

"माझ्याकडे बघून म्हणजे?"

"तुम्ही कुणावर तरी चिडलेले असायचात. रोज. ढगावर, गाईवर, माझ्यावर, ड्रायव्हरवर, कुणी नसेल तर बुटावर. जबडा असा घट्ट. तशात तुम्ही बटण दाबलंत की त्या फोटोचं काही खरं नसायचं. पण कधीतरी, ऊन अगदी चांगलं असलं की, तुम्ही विसरायचात. कुणावर चिडलो होतो ते विसरायचात. तोंड सगळं सैल व्हायचं. मग मी म्हणायचे."

"आणि उन्हाचं?"

"उन्हातलं मला काय कळतंय?"

खरं सांगतो, मला आनंद झाला. छातीवरचा धोंडा उतरला. म्हणजे नजर माझीच होती! तिला टेकडी दिसत नव्हती, ऊन दिसत नव्हतं. जे काही बघितलं ते मी. मी तसं बोलूनही टाकलं. "म्हणजे फोटो माझेच."

"तुमचेच. मी कधी नाही म्हटलं?"

"मग नावासाठी एवढं कशाला केलंस?"

"तुम्ही विचारलंत, काय केलंस म्हणून. त्याचं वाईट वाटलं. नाव आता नकोय मला. कळवते मी संपादिकेला."

एवढं सहज. मी महिनाभर थंडीत कुडकुडलो आणि हिने दोन वाक्यांत सोडून दिलं. मला चिडावं की खूश व्हावं कळेना. मी मोठ्या मनाने म्हटलं, "बरं, झालं ते झालं. चल उद्या. शेवटचा भाग राहिलाय, उरकून टाकू. तुझी खाट आहे तिथे."

तिने काच पुसायचं थांबवलं नाही.

"इतकी वर्षं मी तिथे येत होते," ती म्हणाली. "पहाटे उठून, चढ चढून, थंडीत. कुठल्या कुठल्या टेकड्यांवर गेलो आपण. आणि मी बघितलं काय, तर तुमचं तोंड. आता मला टेकड्या बघायच्यात."

"मग बघ की. मी कुठे नाही म्हणतोय?"

"तुमच्याबरोबर नाही."

ताई जाकीट घेऊन आत आली. ते माझं नव्हतं, भाऊजींचं होतं. मी तेच घेऊन निघालो.

१२ डिसेंबर

परत शेतघरी. आता सगळं सोपं आहे. गोष्ट नजरेची नाही, रागाची आहे. राग माझा, तो मी आवरू शकतो. चिडायचं नाही एवढंच. त्याला छत्रीवाली कशाला हवी?

घरमालकाला हसून 'काय म्हणताय' विचारलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१६ डिसेंबर

चिडायचं नाही हे ठरवून काल धारेवर उभा राहिलो. ढग आला, मी म्हटलं, येऊ दे. गाई आल्या, मी म्हटलं, या. आतून मात्र कोण कोण मला कसं छळतंय याची रांग लागली. ताई, संपादिका, तो नवरा, ती दाराआड थांबलेली चप्पल. मी एकेकाला माफ करत होतो आणि माफ करताना परत पहिल्यापासून त्यांच्याशी भांडत होतो. सगळ्यांना माफ करून झालं तेव्हा टेकड्या करड्या पडल्या होत्या.

आज पुन्हा तेच. फरक एवढाच, की आज मला न चिडता येत नाही म्हणून मी चिडलो.

२१ डिसेंबर

दाढीचा आरसा ट्रायपॉडला तारेने बांधला. हसायचं त्याने हसावं. तिला जे दिसायचं ते मला दिसलं पाहिजे, म्हणजे केव्हा दाबायचं हे कळेल. हिशेब सरळ होता.

संध्याकाळचं ऊन बाजूने आलं. आरशात माझं तोंड. कलतं ऊन चेहऱ्यालाही सोडत नाही, प्रत्येक घडी मोजून दाखवतं. जबडा घट्ट. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा. ओठांची एक बाजू खाली. मी कुणावरच चिडलो नव्हतो तेव्हा. निदान मला तसं वाटत होतं. तोंडाला ते कळलेलं नव्हतं.

सैल सोडायचा प्रयत्न केला. आरशातला माणूस दात दाखवायला लागला. ते त्याहून वाईट दिसलं.

मी तसाच बघत राहिलो. हे तोंड ती रोज बघत होती. उजाडायच्या आधी उठून, मी बूट सापडत नाही म्हणून ओरडत असताना, माझ्यामागे चढ चढून, सगळी दुनिया मागे उजळत असताना तिने पाठ फिरवून हे बघितलं. आणि वाट बघितली, की आता हा विसरेल. एखाद्या दिवशी मी विसरलोच नसेन. तेव्हा ती काही न बोलता छत्री मिटून खाली उतरली असेल. असे दिवस किती असतील, मला एकही आठवत नाही. फार वाईट वाटलं.

आरशात काहीतरी हललं, गाल खाली आले, कपाळ मोकळं झालं. हात बटणाकडे गेला. मग वर बघितलं, तर सूर्य गेला होता. टेकड्या होत्या, ऊन नव्हतं.

२२ डिसेंबर

सकाळी उठलो नाही. घरमालक म्हणाला, फार सुंदर ऊन पडलं होतं. त्याने ते मला टोचायला सांगितलं की सहज, कळलं नाही. दूध गरम करून वर आणून दिलं.

२८ डिसेंबर

संपादिकेचा फोन आला. हिवाळ्याचा भाग गाळायचं ठरलंय. जुन्या फोटोंचंच पुस्तक होईल, ते पुरेसं आहे, ती म्हणाली. मी म्हटलं, "मग आता दोघांचं नाव टाक. शब्द तसा होता. हा भाग मला जमला नाही."

"सर, मॅडमनी फोन करून नको सांगितलंय. मी दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, फोटो त्यांनीच काढलेत, मी नुसती त्यांच्याकडे बघत होते."

"तरी टाक."

"त्यांनी नको म्हटल्यावर मी कसं टाकणार?"

दुपारी मुखपृष्ठाचा नवा नमुना आला. जागा मोकळी होती म्हणून नाव मोठं करून मधोमध घेतलंय. एकट्याचं. मी मागितलं होतं ते मला मिळालं.

संध्याकाळी ताईला फोन लावला. घरमालक खाली भांडी विसळत होता, मी आवाज हळू ठेवला. म्हटलं, "ती फोटो काढते का तिकडे?"

"रोज. आत्ताच आलीय चढावरून."

"ताई, तिला विचार, छत्री धरायला माणूस हवाय का. येतो मी. बोलणार नाही काही. नुसता उभा राहीन."

ताईने मला टोमणा मारला नाही, यावरूनच मी किती खाली आलो असेन ते कळलं. ती फोन घेऊन आत गेली. दोघींचे आवाज आले, शब्द नाही कळले. मग ताई आली.

"ती म्हणते, छत्री लागत नाही. सूर्य पाठीशी घेऊन उभी राहते."

माझ्याच्याने राहवलं नाही. सूर्य पाठीशी घेऊन कलत्या उन्हात कुणी फोटो काढतं? नवशिके काढतात. टेकडी सपाट दिसते, शिवाय काढणाऱ्याचीच लांबलचक सावली समोर गवतावर पडते. मी म्हटलं, "तिला सांग, असं केलंस तर फोटोत तुझी स्वतःची सावली येईल."

ताईने आत जाऊन सांगितलं. मी थांबलो. आत कुणीतरी हसलं.

"ती म्हणते," ताई म्हणाली, "येऊ दे."